आजीला सलाईन का लावली? पेशीच्या पडद्यातून पाणी कसं जातं-येतं

प्रश्न असा आहे: “मी नागपूरला अकरावी सायन्सला आहे. मे महिन्यात आजीला ऊन लागलं आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. घरी आम्ही तिला सारखं साधं पाणी पाजत होतो. डॉक्टर म्हणाले, नुसत्या पाण्याने भागत नाही, आणि त्यांनी सलाईन लावली. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी ना? आम्हाला शिकवलंय की मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं. मग आजीच्या पेशी सुकल्या कशा नाहीत? आणि मीठ पाणी ओढतं, तर ते स्वतःच पेशीत का शिरत नाही?”

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. तो सुटला की बाकीचे आपोआप सुटतात. मी आधी काही वर्षं एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची फिजिऑलॉजीची प्रॅक्टिकल्स घेतली आणि मग नागपुरातच पॅथॉलॉजीत रमले. त्यामुळे माझं उत्तर रक्ताच्या थेंबापासूनच सुरू होईल.

टेबलावर तीन टेस्ट ट्यूब आहेत असं समज. पहिलीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे आजीला लावलं तेच नॉर्मल सलाईन, आणि तिसरीत ३ टक्के मिठाचं पाणी. तिन्हींत रक्ताचा एकेक थेंब टाकायचा, ट्यूब हलकेच उलटसुलट करायची आणि मागे वर्तमानपत्र धरायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्यूबमधून एक अक्षर दिसत नाही. रंग लाल, पण गढूळ, कारण अख्ख्या पेशी तरंगत असतात आणि उजेड अडवतात. पहिली ट्यूब मात्र बघता बघता डाळिंबाच्या रसासारखी पारदर्शक होते आणि पलीकडचा मजकूर सरळ वाचता येतो. त्यात आता पेशी उरलेल्याच नाहीत. पाणी आत शिरून त्या फुगल्या, फुटल्या आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्यूबमधला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवावा लागतो. ०.९ टक्क्यातल्या पेशी गुळगुळीत, मधे किंचित खोलगट दिसतात. ३ टक्क्यातल्या आक्रसलेल्या, कडेला काटे आल्यासारख्या दिसतात. त्यांच्यातलं पाणी बाहेर गेलेलं असतं.

पुस्तकात या तिघांना अवपरासारी, समपरासारी आणि अतिपरासारी द्रावण म्हणतात. शब्द पाठ कर, परीक्षेत लागतील. पण “मीठ पाणी ओढतं” हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाक. मिठाला हात नाहीत. आपल्या घरातली भाषा याबाबतीत जास्त बरोबर आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी आई म्हणते, “पाणी सुटलं.” सांबारवडीच्या (सांबार म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर) सारणात मीठ अगदी शेवटी घालतात, नाहीतर सांबाराला पाणी सुटतं आणि वडी तळताना उकलते. सुटतं! पाणी आपल्याच चालीने निघून येतं. मीठ फक्त त्याच्या परतीच्या वाटेवरची रहदारी कमी करतं.

ते कसं, ते सांगते. पाण्याचा प्रत्येक रेणू सतत, आंधळेपणाने इकडेतिकडे धडकत असतो. कुठे जास्त, कुठे कमी हे त्याला कळत नाही. तांबड्या पेशीच्या पडद्यातून दर सेकंदाला तिच्या स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे शंभर पट पाणी आत जातं आणि तेवढंच बाहेर येतं. शंभर पट! तरी पेशी ना फुगते ना सुकते, कारण जाणं आणि येणं तंतोतंत सारखं असतं. सलाईनमध्ये शांत पडलेली दिसणारी पेशी आतून अशी गजबजलेली असते. आता बाहेर मीठ वाढवलं की बाहेरच्या पाण्याची पडदा ओलांडून निसटण्याची प्रवृत्ती थोडी घटते. आतल्या पाण्याची तेवढीच राहते. बाहेर जाणारे रेणू जास्त आणि आत येणारे कमी झाले, की आपल्याला दिसतो तो निव्वळ फरक. त्यालाच आपण परासरण म्हणतो. यात पेशीची काडीचीही ऊर्जा खर्च होत नाही. रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीवर सगळं चालतं, म्हणून याला निष्क्रिय वहन म्हणायचं.

हा फरक किरकोळ असेल असं समजू नकोस. आपल्या रक्तातल्या विरघळलेल्या कणांची मोजणी लिटरमागे साधारण २९० मिलिऑस्मोल भरते. यातल्या प्रत्येक मिलिऑस्मोलच्या फरकामागे सुमारे १९ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब तयार होऊ शकतो. म्हणजे एका बाजूला पेशीतला द्रव आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध पाणी असेल, तर ५,५०० मिलिमीटरच्या वर. आजीचं बीपी १२०-१३० असेल, त्याच्याशी ताडून बघ. एवढ्या दाबापुढे तांबड्या पेशीचा पातळ पडदा टिकेलच कसा? वनस्पतींच्या पेशींना बाहेरून भित्तिका असते, म्हणून त्या फुटत नाहीत, फक्त ताठ होतात. कॉटन मार्केटमधला भाजीवाला सांबाराच्या जुड्यांवर दर थोड्या वेळाने पाणी मारतो, तो हाच ताठपणा टिकवत असतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. मीठ आत का शिरत नाही?

पेशीचा पडदा म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. मधला भाग तेलकट. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साईड त्यातून विनासायास जातात. तेलात विरघळणारी औषधं, भूल देण्याचे वायू, स्टेरॉईड संप्रेरकं हीसुद्धा जातात. मीठ मात्र पाण्यात विरघळलं की सोडियम आणि क्लोराईडचे विद्युतभारित आयन होतात, आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं घट्ट कोंडाळं असतं. तेलकट थरात शिरायचं तर हे कोंडाळं उतरवून ठेवावं लागतं, आणि त्याला लागणारी ऊर्जा त्या आयनाकडे नसते. नुसत्या मेदाच्या थरातून पाणी जितक्या सहज जातं, त्याच्या अब्जाव्या भागानेही सोडियम जात नाही.

सोडियम अगदीच शिरत नाही असं नाही. प्रथिनांच्या मार्गिकांमधून थोडं झिरपतंच. ते झिरपलेलं सोडियम एक पंप ऊर्जा खर्च करून सतत बाहेर फेकत राहतो. पंप तुझ्या प्रश्नाचा विषय नाही, पण तो चालू आहे म्हणूनच सोडियम “बाहेरचं” म्हणून मोजलं जातं. पंप थंडावला की काय होतं हे आम्हाला लॅबमध्ये बघायला मिळतं. कुणी रक्ताचं सॅम्पल घेऊन सीरम वेगळं न करताच ती ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी पाठवली, की पोटॅशियम धडकी भरेल इतकं वाढलेलं येतं. पेशंट मात्र ठणठणीत. थंडीत पंप मंदावतो, पेशीतलं पोटॅशियम उताराच्या दिशेने आपोआप बाहेर झिरपतं आणि आम्ही ते सीरममध्ये मोजतो. असा रिपोर्ट आला तर मी आधी सॅम्पल किती वाजता काढलं ते विचारते आणि नवीन मागवते.

आणि लोणच्याच्या फोडी? त्या तर आतपर्यंत खारट होतात, असं तू म्हणशील. होतात, पण पहिल्या रात्रीत नाही. पहिल्या रात्री जिवंत पडद्यातून पाणी सुटतं. पुढे पेशी मरतात, पडद्याची निवड संपते आणि मग मीठ आत मुरतं. “मुरणं” हे मेलेल्या पडद्याचं काम आहे.

मुलांना सगळ्यात जास्त चकवायची ती चौथी ट्यूब. हा प्रयोग मी दरवर्षी न चुकता करून घेत असे. १.८ टक्के युरियाचं द्रावण घे. कणांची मोजणी केली तर लिटरमागे ३०० मिलिऑस्मोल, म्हणजे रक्ताच्या आणि नॉर्मल सलाईनच्या जवळपासच. हिशोबाने पेशी सुखरूप राहायला हव्यात. थेंब टाकला की काही सेकंदांत ट्यूब पारदर्शक! सगळ्या पेशी फुटलेल्या. मुलं दर वेळी म्हणायची, मॅडम, द्रावण चुकीचं बनलंय. द्रावण अगदी बरोबर असायचं. युरियाला तांबड्या पेशीच्या पडद्यातून जायला खास प्रथिनांची वाट असते, तो झपाट्याने आत शिरतो. आत आधीचे कण होतेच, त्यात युरियाची भर पडली, पाणी मागोमाग गेलं आणि पेशी फुटली. म्हणून द्रावणात कण किती आहेत एवढं विचारून भागत नाही. पडद्यापाशी अडणारे किती आहेत, ते विचारायचं. पाण्याच्या निव्वळ हालचालीचा हिशोब फक्त अडणाऱ्या कणांवर होतो. तुमच्या क्लासच्या नोट्समध्ये हे बहुतेक एका ओळीत उरकलेलं असेल. माझ्या मते संपूर्ण धडा त्या एका ओळीत आहे.

किडनी निकामी झालेल्या पेशंटच्या रक्तात युरिया कितीतरी पट वाढतो, तरी त्याच्या पेशी आक्रसत नाहीत, ते याचमुळे. युरिया सावकाश का होईना, आत-बाहेर सारखा होतो. पण “सावकाश” या शब्दाकडे लक्ष दे. पहिल्याच डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया भराभर उतरवला, तर मेंदूतला युरिया तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही. तेवढ्या वेळापुरता तो “अडणारा” ठरतो, पाणी मेंदूत शिरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. म्हणून सुरुवातीची डायलिसिस बेताने आणि कमी वेळ करतात.

आता आजी. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. ते पेशींच्या बाहेरच अडतं, आणि बाहेरच्या कणांची मोजणी आतल्याइतकीच राहते. म्हणून पाणी ना पेशीत धावतं ना पेशीतून सुटतं. ते लिटरभर सगळं पेशींच्या बाहेर राहतं. त्यातला सुमारे पाव हिस्सा रक्तवाहिन्यांत आणि बाकीचं पेशींच्या आजूबाजूला. घामाने आजीचं पाणीही गेलं होतं आणि मीठही, नाडी बारीक झाली असेल, बीपी उतरलं असेल. ही तूट बाहेरच्या जागेतली होती आणि सलाईन नेमकं तिथेच थांबतं. तुझ्या पुस्तकातलं “मीठ पाणी सोडायला लावतं” हे ३ टक्क्यांच्या बाबतीत खरं आहे. ०.९ टक्क्याला तसं घडायला कारणच उरत नाही.

वॉर्डात अजून एक बाटली दिसते, ५ टक्के डेक्स्ट्रोजची. तिची मोजणीही रक्ताच्या जवळपास असते, म्हणून शिरेत जाताना ती पेशी फोडत नाही. पण ग्लुकोजला पेशीत जायला वाहक प्रथिनं असतात. तांबड्या पेशीवर एका जातीची, स्नायूवर दुसऱ्या जातीची, आणि स्नायूवरची इन्सुलिनच्या सांगण्यावरून पडद्यावर येतात. हेही उताराच्या दिशेचंच वहन आहे, फक्त दार लागतं, आणि दारं मोजकी असल्याने वेगाला मर्यादा येते. ग्लुकोज आत जाऊन खर्च झालं की मागे उरतं नुसतं पाणी, आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश पेशींमध्ये जाऊन बसतं. दोन्ही बाटल्या बाहेरून सारख्याच दिसतात, दोन्हींना लोक “सलाईन” म्हणतात, आणि शरीरात दोघींचे मुक्काम वेगळे.

घरी साधं पाणी पाजत होता, त्यात चूक काय झाली? तहानेला पाणी देण्यात काही चूक नाही. पण नागपूरच्या ४५ अंशांत घामावाटे सोडियम जात राहिलं आणि भरपाई फक्त साध्या पाण्याने, तीही तांब्यावर तांब्या, तर बाहेरच्या द्रवातलं सोडियम विरळ होतं आणि पाणी पेशींमध्ये सरकतं. हाताच्या स्नायूंना सूज सोसते. मेंदू कवटीत कोंडलेला, त्याला फुगायला जागा नाही. डोकेदुखी, मळमळ, असंबद्ध बोलणं, पुढे झटके. वयस्कर माणूस लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेत असेल तर हे आणखी लवकर होतं. आजीचा रिपोर्ट घरात असेल तर सोडियमचा आकडा बघ. १३५ ते १४५ ही नेहमीची मर्यादा. तो फार खाली गेलेला असेल तर डॉक्टर तो घाईने वर आणत नाहीत, कारण मेंदूच्या पेशींनी तोवर स्वतःतले काही कण बाहेर टाकून जुळवून घेतलेलं असतं. बाहेरचं सोडियम एकदम वाढवलं तर त्यांच्यातलं पाणी एकदम सुटतं आणि मज्जातंतूंच्या वेष्टनाला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून उन्हात ताक, पन्हं, लिंबूसरबत चिमूटभर मीठ घालून द्या, आणि जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ-पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून. ओआरएसबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते: मोठं पाकीट एका लिटर पाण्यासाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरची मोजणी २४५ मिलिऑस्मोल येते, रक्तापेक्षा मुद्दाम कमी ठेवलेली. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. तेच पाकीट एका ग्लासात कालवलं तर मोजणी रक्ताच्या कितीतरी वर जाते, उलट शरीरातलंच पाणी आतड्यात सुटतं आणि लहान मुलाचे जुलाब वाढतात. “जरा कडक करून दिलं तर लवकर गुण येईल” असं मी आयांकडून अनेकदा ऐकलंय. कृपा करून तसं करू नका.

आता पाण्याच्या स्वतःच्या वाटेबद्दल, कारण तुझ्या पुस्तकात ॲक्वापोरिन असा शब्द आला असेल. मेदाच्या थरातून पाणी थोडंफार जातंच, पण तांबड्या पेशीतलं शंभर पटीचं जाणं-येणं नुसत्या त्यावर भागत नाही. अमेरिकेत पीटर अ‍ॅग्री तांबड्या पेशींवरच्या आरएच प्रथिनाचा शोध घेत असताना त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. तेच हे ॲक्वापोरिन, पडद्यातली पाण्याची मार्गिका. त्यांच्या गटाने ते प्रथिन बनवायला सांगणारा संदेश (आरएनए) बेडकाच्या अंडपेशीत घातला. एरवी पाण्यात बिनघोर राहणारी ती अंडपेशी विरळ द्रावणात ठेवताच फुगून फुटली. हे १९९२ सालचं काम, आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एकामागोमाग एक जातात, मात्र प्रोटॉन जाऊ शकत नाही. किडनीच्या शेवटच्या नळ्यांत याच जातीची दारं संप्रेरकाच्या हुकमाने पडद्यावर येतात किंवा मागे घेतली जातात. उन्हाळ्यात तुझी लघवी पिवळी आणि थोडी होते, तेव्हा ती दारं पडद्यावर हजर असतात.

पेशी एवढ्या बारीक का, हेही यातच दडलंय. लहान रेणूला नुसत्या विसरणाने (डिफ्युजन, म्हणजे आपोआप धडकत पसरणं) एका पेशीएवढं, म्हणजे १० मायक्रोमीटर अंतर जायला साधारण सेकंदाचा विसावा भाग लागतो. एक मिलिमीटरला आठ-नऊ मिनिटं. एक सेंटिमीटरला जवळपास चौदा तास. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. म्हणून तर हृदय लागतं, रक्त फिरवावं लागतं, आणि शेवटचे काही मायक्रोमीटर तेवढे विसरणावर सोडता येतात.

विदर्भात राहतोस म्हणून सिकलसेलचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा आजार आपल्याकडे घरोघरच्या ओळखीचा आहे. त्या पेशंटच्या तांबड्या पेशीत सदोष हिमोग्लोबिन असतं, आणि ऑक्सिजन सोडल्यावर त्याचे धागे किती लवकर बनतील हे त्याच्या दाटपणावर फार अवलंबून असतं. या पेशींचा पडदा गळका होतो. पोटॅशियम एका मार्गिकेतून बाहेर पडतं, मागोमाग पाणी सुटतं, हिमोग्लोबिन आणखी दाट होतं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. किडनीच्या गाभ्यात तर भोवतालची मोजणी १,२०० मिलिऑस्मोलपर्यंत जाते, तिथे पेशीतलं पाणी झपाट्याने सुटतं. त्यामुळे या मुलांची लघवी दाट करण्याची क्षमता लहानपणीच जाते. ती वारंवार लघवीला जातात, रात्री अंथरूण ओलं करतात आणि त्यावरून घरी बोलणी खातात. ते मूल आळशी नसतं. त्याची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही. तुझ्या वर्गात असं कुणी असेल तर उन्हाळ्यात त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि तास चालू असताना उठून जायला आडकाठी करू नका.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक ओळखायला गर्भवतींच्या तपासणीत वापरतात ती नेस्ट्रॉफ्ट चाचणीही तुझ्या धड्यातलीच. ०.३६ टक्क्यांचं बफर सलाईन, त्यात रक्ताचा लहान थेंब, मागे पांढऱ्या कागदावर काळी रेघ. साध्या पेशी फुटतात, रेघ स्पष्ट दिसते. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी चपट्या, त्यांत पाणी सामावायला जास्त वाव, त्या टिकून राहतात आणि रेघ धूसर होते. लोह कमी असलं तरी कधी कधी धूसर येते, म्हणून पुढची पक्की तपासणी करावीच लागते. पण पहिली चाळणी एका रेघेवर होते.

घरी करून बघायचं असेल तर रक्ताच्या वाटेला जाऊ नकोस, बीट आण. एक तुकडा कच्चा, एक उकळलेला. कच्चा तुकडा कापल्यावर वाहत्या पाण्याखाली चांगला धुऊन घे, कारण सुरीने फुटलेल्या पेशींचा रंग आधी निघून जायला हवा. मग दोन ग्लासांत साधं पाणी घेऊन एकेक तुकडा टाक. उकळलेल्या तुकड्याचं पाणी बघता बघता गडद होईल. कच्च्याच्या ग्लासात अर्ध्या तासानेही जेमतेम गुलाबी छटा असेल. रंग दोन्हींत तेवढाच होता, पडदा एकाचाच शाबूत होता.